दुसरा हात बाकी आहे

“लवकर या. आईच्या बांगड्या गेल्यात, आणि चोर घरातच आहे.”

फोनवर बाईचा आवाज होता, धापा टाकणारा. मागून एक पुरुष सांगत होता, “अगं, ठेव तो फोन. घरातली गोष्ट घरात राहू दे.” मग फोन कट झाला.

फौजदारबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. चोरी झाली म्हणून बोंब मारणारे रोजचेच. पण चोरी झाल्यावर पोलिसांना बोलावू नका म्हणणारा माणूस भेटला की त्यांना बरं वाटायचं. संशय घ्यायला काहीतरी हाताशी लागायचं. संशय हा बाईंचा स्वभावच. भाजीवाल्याने आपणहून एक टोमॅटो जास्तीचा टाकला, तरी त्या तो उलटापालटा करून बघायच्या.

“चला, हवालदार.”

“बाई, आत्ताच डबा उघडलाय.”

“मग बंद करा. आल्यावर खा.”

हवालदारांनी डब्याचं झाकण असं लावलं की बघणाऱ्याला दया यावी. डबा मात्र त्यांनी गाडीत सोबत घेतलाच.

घर रांगेतलं शेवटचं होतं. बैठं, पुढे दोन पायऱ्या, मागे अंगण. दारात पाय ठेवला आणि नाकाला झोंबेल असा वास आला. हवालदारांना दोन शिंका आल्या.

“थिनरचा वास आहे,” दार उघडणारी म्हणाली. “मागे फर्निचरचं रंगकाम चाललंय. मीच फोन केला होता. मी ह्या घरातली लेक.”

लेक चाळिशीची होती. पदराने हात पुसायची सवय, आणि डोळे रडून लाल. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

घरात माणसं चारच. म्हातारी आई, घर तिचं. धाकटी सून, तिचा नवरा बोटीवर नोकरीला आणि बोट महिनोन्‌महिने समुद्रात. शिवाय ही लेक आणि तिचा नवरा, म्हणजे जावई. हे दोघं काही आठवड्यांपूर्वी पाहुणे म्हणून आले होते. आल्यावर जावयानेच टूम काढली, की आईंचं जुनं फर्निचर मी नवं करून देतो. त्यासाठी त्याने फवारणीचा तंबूसुद्धा सोबत आणला होता.

“आणि बांगड्या?”

“चार. जाड, सोन्याच्या, नक्षी नसलेल्या. आईच्या मोठ्या कपाटात असायच्या. ते कपाट रंगवायला तंबूत नेलं, म्हणून आईच्या खाटेजवळच्या छोट्या कपाटात ठेवल्या. त्याची किल्ली वहिनीच्या पर्समध्ये.”

“शेवटच्या कधी पाहिल्या?”

लेकीने नजर वळवली. “आज जेवणं झाल्यावर. आईने त्या वहिनीच्या हातात घालून पाहिल्या. आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, माझ्यामागे ह्या हिच्या. मग वहिनीने त्या कुलपात ठेवल्या. दुपार कलल्यावर आईने चष्म्याचं घर ठेवायला कपाट उघडायला सांगितलं. उघडलं, तर आत काही नाही.”

“कुलूप तोडलेलं?”

“ओरखडासुद्धा नाही.”

बाई खोलीत गेल्या. छोटं कपाट खाटेला लागून होतं. सागवानी, वर पानाच्या आकाराची पितळी चकती, मधे किल्लीचं भोक. कुलूप ठणठणीत. खिडकी बसकी होती आणि सताड उघडी. बाहेर हातभरावर तंबूची मागची बाजू दिसत होती. वासाचा त्रास होत होता, म्हणून बाईंनी पडदा ओढला. पडदा वरच्या पट्टीतून सर्रकन सरकला.

आजी खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले.

“आजी, एवढा वास येतोय आणि खिडकी उघडी?”

“जावई म्हणाले उघडी ठेवा. हवा खेळती राहील.”

“दुपारी तुम्ही कुठे होतात?”

“पुढच्या खोलीत. शेजारीण आली होती, पत्ते खेळत होतो.”

“कुणावर संशय?”

आजी भिंतीकडे बघत राहिल्या. दाराशी उभ्या असलेल्या सुनेने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

*

सून तिशीच्या आतली होती. आवाज शांत होता, पण बोटं ओढणीच्या टोकाला पीळ देत होती.

“किल्ली कुठे होती?”

“माझ्या पर्समध्ये. पर्स माझ्याजवळ.”

“दुसऱ्या कुणी घेतली?”

“नाही.”

“दुपारी काय केलंत?”

“डोकं दुखत होतं, खोलीत पडले होते. मधे औषधाच्या दुकानात जाऊन गोळी आणली.”

“म्हणजे पर्स घेऊन घराबाहेर गेलात.”

“हो.”

“वाटेत कुणी भेटलं?”

“कुणी नाही.” सुनेने मान वर केली. “मॅडम, तुम्ही काय विचारताय ते कळतंय मला. मीच घेऊन कुणाला तरी देऊन आले, असंच ना? पण ज्या माझ्याच होणार होत्या त्या मी कशाला चोरू?”

“माझ्यामागे, असं म्हणाल्या आजी. काहींना धीर धरवत नाही.”

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. “एक सांगते. मला इथून चोर म्हणून नेलंत, तर मी ह्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. ह्यांना बोटीवर कळवायचीसुद्धा सोय नाही. माझं माहेर कधीच संपलं. दुसरं घर नाही मला. तरीही नाही येणार.”

बाईंनी तिची खोली स्वतः तपासली. पर्स पालथी केली, उशीची शिवण चाचपली. तिकडे हवालदारांनी बाकीचं घर उकरलं. पिठाच्या डब्यात हात घातला, चपलांच्या आत बोटं घातली, पंख्याच्या पात्यांवरून हात फिरवला. धुळीशिवाय काही मिळालं नाही.

“बाई, सरळ आहे की हो,” हवालदार कानाशी येऊन म्हणाले. “किल्ली हिची, बाहेर गेली ही. न्यायची का?”

बाईंनाही तसंच वाटत होतं. पण कुठेतरी पाणी मुरतंय असंही वाटत होतं, आणि कुठे ते कळेना म्हणून त्यांची चिडचिड व्हायला लागली.

“आधी त्या फोन ठेवायला सांगणाऱ्याला भेटू,” त्या म्हणाल्या.

*

जावई म्हणजे साखर पेरलेला माणूस. अंगात रंगाने माखलेला जुना सदरा, गळ्यात लोंबणारा मास्क, तोंडभर हसू.

“या, या. बसायला सांगितलं असतं, पण इथे बसलात तर उठताना निळ्या होऊन उठाल.”

“फोन ठेवायला तुम्हीच सांगत होता?”

“हो. अहो, धाकटी वहिनी लहान आहे. चूक झाली असेल. घरातल्या घरात समजावलं असतं, परत दिल्या असत्या तिने. आता बिचारीची अब्रू गेली की नाही?”

“म्हणजे तिनेच घेतल्या हे तुम्ही ठरवून टाकलंत.”

“छे, छे! मी कोण ठरवणारा? मी आपला पाहुणा.”

तंबू खरोखर बघण्यासारखा होता. पिशवीतून काढला की छत्रीसारखा फटकन उघडणारा. आत माणूस सहज उभा राहील एवढा उंच. पुढे वरपासून खालपर्यंत चेन. मागच्या बाजूला कडेने उघडता येणारी मोठी चौकोनी जाळी, आणि जाळीच्या आतून चिकटपट्टीने लावलेलं जाड पांढरं कापड. कॉम्प्रेसर बाहेर, स्वयंपाकघराच्या भिंतीशी. त्याची नळी चेनच्या खालून आत गेलेली.

“उघड्यावर फवारा मारला तर रंगाचा धुरळा गावभर जातो,” जावई कौतुकाने सांगू लागला. “शेजारच्यांची गाडी, वाळत घातलेले कपडे, सगळं निळं. आणि उलट धूळ येऊन ओल्या रंगाला चिकटते. तंबूत तसं होत नाही. मागच्या कापडातून हवा तेवढी बाहेर जाते, रंग आतच अडकतो.”

आत आजींचं मोठं कपाट उभं होतं. छोट्या कपाटाचाच थोरला भाऊ, तसंच सागवान. एक दार फिकट निळं झालेलं, बाकी सगळं अजून तपकिरी. तंबूच्या दोन दांड्यांमध्ये तार बांधली होती. तारेला रंगवून वाळत घातलेल्या कपाटाच्या मुठी होत्या, बिजागऱ्यांच्या पट्ट्या होत्या, पडद्याच्या कड्या होत्या. सगळं एकाच निळ्या रंगात. खाली काचेच्या बरणीत स्क्रू, कपाटाचं सोडवलेलं कुलूप आणि त्याची किल्ली.

“हे सगळं सोडवून ठेवायला लागतं?”

“लागतं तर. कुलूप तसंच ठेवून फवारा मारला तर किल्ली कधी फिरायचीच नाही. आधी सगळं लोखंड-पितळ काढायचं, मग लाकडाला हात लावायचा.”

“दुपारी किती वेळ काम केलंत?”

“जेवण झाल्यापासून सलग. चोरी झाल्याची बोंब ऐकली तेव्हा बाहेर आलो. विचारा की माझ्या बायकोला, समोरच होती.”

हवालदारांनी रंगाच्या डब्यात काठी घालून ढवळली. वाटलं असावं, बांगड्या तळाशी बसल्या असतील. काठी निघाली ती निळी होऊन, आणि हवालदारांचा बूटही. डबा काठोकाठ भरलेला होता.

“सांभाळून हो,” जावई हसला. मग घड्याळाकडे बघत म्हणाला, “मॅडम, एक विनंती. दुसरा हात मारायचा बाकी आहे. वेळेत मारला नाही की सगळी मेहनत पाण्यात. पाच मिनिटं द्या.”

“कपाटाला?”

“कपाटाचं बघू मग. तारेवरचं तेवढं उरकतो. जरा फिरवून घ्यायचं आणि मारायचं, झालं.”

“आत्ता कुणीही काही रंगवायचं नाही.”

जावयाचं हसू तसंच राहिलं. कपाळावर मात्र घाम आला. तंबूत उकडतच होतं म्हणा. बाईंनी जाताजाता खुंटीला अडकवलेली स्प्रेगन पाहिली. तिच्या मुठीला जाड रबरबँड गुंडाळलेला होता.

“हा कशाला?”

“डब्याची झाकणं बांधायला. हरवतात हो, म्हणून तिथे.”

बाई तंबूला वळसा घालून मागे गेल्या. तंबू आणि घराची भिंत यांच्यामध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी बोळ होती. समोर आजींच्या खोलीची खिडकी. बाई आडव्या होऊन आत शिरल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा हवालदार म्हणाले, “बाई, तुमची बाही.”

खाकी बाहीवर निळ्या भुकटीचा पट्टा उमटला होता. बाईंनी तो झटकला. मग झटकता झटकता थांबल्या, आणि पुन्हा बोळीत जाऊन जाळीमागचं कापड नीट पाहून आल्या.

*

लेक स्वयंपाकघरात होती. इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा अर्धाच झालेला.

“दुपारभर इथेच?”

“इथेच. दार उघडं. तंबू समोर.”

“नवरा बाहेर आला होता?”

“एकदाही नाही. चेन खालपर्यंत लावलेली होती. आणि तो कॉम्प्रेसर कुठे थांबत होता! सुरुवातीला मधेच ढर्र करायचा, मधेच गप्प बसायचा, पुन्हा ढर्र. नुसते कान किटले माझे. मग कुठे एका लयीत लागला. सुरू, बंद, सुरू, बंद. माझा इस्त्रीचा हातसुद्धा त्याच लयीत फिरायला लागला. शेवटी पुन्हा थोडा वेळ तसाच अधूनमधून.”

“बांगड्या वहिनीला देणार म्हटल्यावर वाईट वाटलं?”

लेकीने इस्त्री आडवी ठेवली, मग चटका लागेल म्हणून उभी केली. “वाटलं. खोटं कशाला बोलू? रात्रंदिवस आईचं करते ती वहिनी, मी येते चार दिवस. कळतं मला. तरी वाईट वाटलं. पण मला हव्या असत्या तर मी तोंडाने मागितल्या असत्या. म्हणून तर पोलिसांना बोलावलं. उद्या कुणी म्हणायला नको, लेकीने हळूच उचलल्या.”

“आणि तुमचे यजमान?”

“त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं. हातातला विडा टाकून उठले.”

“कामाचा उरक चांगला आहे हो त्यांचा. तुमच्या घरचंही रंगकाम काढलंय वाटतं?”

“आमच्या? चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. तंबू उभा केला तर आम्ही जिन्यात झोपायचं. खिडक्यांना साधे पडदे लावू देत नाहीत, धूळ साठते म्हणतात. नुसत्या दोरीने ओढायच्या पट्ट्या आहेत.”

बाई पुढच्या खोलीत गेल्या आणि तिथला पडदा थोडा ओढून पाहिला. मग सुनेच्या खोलीतला. दोन्ही पडदे पट्टीतून सरकले.

“हवालदार,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “सगळ्यांना अंगणात बोलवा. आजींना खुर्ची द्या. आणि सुनेला सांगा, पर्स घेऊन ये.”

“न्यायचं ठरलं तर?”

“सांगितलं तेवढं करा.”

*

सगळे स्वयंपाकघराच्या दारासमोर जमले. आजी खुर्चीत, लेक त्यांच्या मागे. सून थोडी लांब, एकटी. तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. जावई तिच्याकडे कणवेने बघत होता.

“मी जरा तंबूत शेवटची नजर टाकते,” बाई म्हणाल्या. “कुणी हलायचं नाही. हवालदार, लक्ष असू द्या. माझ्यावरही.”

त्या आत शिरल्या आणि चेन खालपर्यंत ओढली. आतून फस्स आवाज आला. कॉम्प्रेसरने ढर्र केलं. थांबला. पुन्हा ढर्र. थांबला. सुरू, बंद, सुरू, बंद.

“ह्यांना कुणी रंगवायला शिकवलं?” हवालदार पुटपुटले.

जावई एक पाऊल पुढे आला. “मॅडम, गन खराब होईल! बाहेर या.”

आतून उत्तर नाही. कॉम्प्रेसर चालूच. लेकीचा हात आईच्या खुर्चीवर होता. त्या हाताची बोटं त्या आवाजाबरोबर आपोआप पुढे-मागे व्हायला लागली. तिने हाताकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

“हीच,” ती म्हणाली. “दुपारी हीच लय होती.”

“हीच ना? मग बरोबर जमलं,” मागून आवाज आला.

सगळे गर्रकन वळले. फौजदारबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. केस विस्कटलेले, दोन्ही बाह्या निळ्या, आणि दम लागलेला. समोर तंबूची चेन तशीच बंद होती, आणि आत कुणी नसताना कॉम्प्रेसर इमानेइतबारे चालला होता.

हवालदारांच्या तोंडून “अरे देवा!” एवढंच निघालं.

“घाबरू नका, मी एकटीच आहे. दोन नाहीत,” बाई म्हणाल्या. “जावईबापू, तुमचं वजन माझ्यापेक्षा कमी. तुम्हाला आणखी सोपं गेलं असेल.”

“मला काही कळत नाही तुम्ही काय बोलताय.”

“मग सगळ्यांना कळेल असं सांगते. गनच्या मुठीवर जो रबरबँड आहे, तो घोड्यावर चढवला की गन आपली आपण हवा सोडत बसते. हवा संपत आली की कॉम्प्रेसर सुरू होतो, भरली की बंद. माणूस फवारा मारतो तेव्हा असं नसतं. तो मधे थांबतो, वाकतो, बघतो, रंग भरतो. म्हणून तुमच्या बायकोचे कान आधी किटले. मग एकाएकी लय लागली, कारण तेव्हा गन धरायला माणूसच नव्हता. दुपारभर कॉम्प्रेसर चालला, आणि रंगलं काय? एक दार. डबा काठोकाठ भरलेला.”

“रंग घट्ट होता. त्रास देत होता.”

“असेल. पण मागच्या कापडाचं काय? तुम्हीच सांगितलंत, रंग आत अडकतो. म्हणजे कापडाची आतली बाजू निळी हवी आणि बाहेरची पांढरी. मी बोळीत शिरले तर माझी बाही निळी झाली. कापड उलटं लागलंय. कुणीतरी ते काढलं, जाळी उघडून बाहेर पडलं, परत आलं, आणि घाईत उलटं लावलं. बाहेर पडलं की हातभरावर आजींची खिडकी. तीही उघडी, तुमच्याच सांगण्यावरून.”

जावई हसायचा प्रयत्न करत होता. “बरं, गेलो असेन. कुलूप काय फुंकर मारून उघडलं? किल्ली तर वहिनीच्या पर्समध्ये!”

“ती पर्स म्हणूनच आणायला लावली.” बाईंनी सुनेकडून किल्ली घेतली. दुसऱ्या हातात बरणीतली किल्ली होती. दोन्ही उन्हात धरल्या. “आजी, तुमची दोन्ही कपाटं कुणी केली?”

आजी पहिल्यांदा नीट बोलल्या. “एकाच सुताराने. माझ्या लग्नानंतर. जोडी आहे ती.”

“जोडीला कुलपंही जोडीची लावली त्याने. मघाशी मी खोलीतून आले ना, तेव्हा मोठ्या कपाटाच्या किल्लीने छोटं कपाट उघडून आले. तुम्हाला हे कधी माहीत झालं नाही, कारण एका कपाटाची किल्ली दुसऱ्याला लावायची वेळच आली नाही. पण ज्याने रंगवायला घेतलं, कुलूप हाताने सोडवलं, त्याच्या लक्षात आलं.”

हवालदारांनी जाऊन कॉम्प्रेसर बंद केला.

“ठीक आहे,” जावई म्हणाला. हसू गेलं होतं, आवाज कोरडा पडला होता. “मग बांगड्या दाखवा. घर उकरलंत, तंबू उकरलात. कुठे आहेत?”

“तेच मला कळत नव्हतं. खरं सांगते, मी ह्या मुलीला न्यायच्या बेतात होते. मग आठवलं, तुम्हाला दुसऱ्या हाताची घाई झाली होती. कपाट अर्धं राहिलं तरी चालेल, पण तारेवरचं उरकायला हवं, तेही जरा फिरवून. का?”

बाईंनी तंबूची चेन खर्रकन वर ओढली.

“ह्या घरातले पडदे पट्टीतून सरकतात, त्यांना कड्या लागतच नाहीत. तुमच्या घरी तर पडदेच नाहीत. मग ह्या पडद्याच्या कड्या कुणासाठी रंगवताय?”

त्या तारेपर्यंत गेल्या. चार निळ्या कड्या शेजारीशेजारी लोंबत होत्या. बाईंनी पहिली कडी धरली आणि तारेवर थोडी फिरवली.

“टांगलेल्या वस्तूला सगळीकडे रंग बसतो. फक्त जिथे ती तारेला टेकते तिथे बसत नाही. म्हणून तर दुसरा हात.”

निळ्या कडीच्या वरच्या अंगाला एक बारीक रेघ उघडी राहिली होती. ती उन्हात पिवळीधमक चमकली.

सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजी खुर्चीतून उठल्या.

जावयाने कुणाकडेच पाहिलं नाही, फक्त बायकोकडे पाहिलं. “तुझ्यासाठी केलं मी. पोटची लेक तू, आणि बांगड्या कुठून आलेल्या पोरीला? दुपारी तुझा चेहरा पाहिला मी. आपल्या घरी न्यायच्या होत्या त्या.”

“माझ्यासाठी?” लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता. “आणि वहिनीला चोर ठरवलंत तेही माझ्यासाठी? तंबू तर केव्हाचा लावलात तुम्ही, आणि स्वयंपाकघराच्या दारासमोरच का ते आत्ता कळलं. तुम्हाला साक्षीदार हवा होता. मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, की माझे यजमान जागचे हलले नाहीत. माझ्याच कानांना फसवलंत तुम्ही.”

हवालदारांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला गाडीकडे नेलं. जाताना त्याचा मास्क गळ्यात तसाच लोंबत होता.

*

बाईंनी तारेचे फोटो काढले. तीन बांगड्या रंगासकट कागदात गुंडाळल्या आणि चौथी हातात घेऊन आजींसमोर आल्या. “ह्या तीन पुराव्याला लागतील. ही एक सही घेऊन ठेवते तुमच्याकडे. बोलावलं की आणायची.”

आजींनी बांगडी सुनेपुढे धरली. “घे गं. तुझी आहे.”

सून मागे सरकली. “नको, आई.”

“अगं, पण आता तर सगळं...”

“आता पुरावा आहे, म्हणून. दुपारी नव्हता.” सुनेने सासूकडे सरळ पाहिलं. “मॅडमनी तुम्हाला विचारलं, कुणावर संशय. तुम्ही भिंतीकडे बघत बसलात. मला सोनं नको होतं, आई. कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं, की ही असं करणार नाही.”

आजींचा हात तसाच पुढे राहिला. फौजदारबाईंना तिथून निघून जावंसं वाटत होतं, कारण तो आरोप त्यांनाही लागू होता.

“मी म्हणायला हवं होतं,” शेवटी आजी म्हणाल्या. “मला मनातून ठाऊक होतं. पण तू नाहीस म्हटलं असतं, तर मग माझी लेक नाहीतर जावई. ते तोंडातून काढायची भीती वाटली मला. तुला गमावलं तर चालेल, असं क्षणभर वाटलं. फार वाईट वागले मी तुझ्याशी.”

सून रडायला लागली. लेक मात्र तंबूत गेली आणि थिनरची बाटली व फडकं घेऊन आली. आईच्या हातातून बांगडी घेतली आणि पायरीवर बसून घासायला लागली. निळा रंग फडक्यावर उतरत गेला. तिने बांगडी आतून पुसली, बाहेरून पुसली, पाण्याने धुतली, पदराने कोरडी केली.

“हात दे, वहिनी.”

“ताई, तुमच्या आहेत ह्या खरं तर.”

“हात दे म्हणते ना.”

सुनेने हात पुढे केला. बांगडी बोटांच्या सांध्यांशी अडली, मग आत गेली. लेक तो हात सोडेना. तिचीच बोटं निळी झाली होती, आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले.

“मी आता कुठल्या तोंडाने त्या चौथ्या मजल्यावर जाऊ गं?” ती म्हणाली.

सुनेने दुसऱ्या हाताने डोळे पुसले. मग तिला पायरीवरून उठवलं.

“जाऊ नका,” ती म्हणाली. “माझ्या खोलीत दोन खाटा आहेत. चला आत.”